तीन टिंबांचा राखणदार

मित्रांनो, मी खिशात मावेल एवढे एक जुने पिस्तूल आहे आणि माझ्या पोटात एक तुकडा कमी आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी हात जोडतात आणि म्हणतात, आम्हाला दुरुस्त करा, आम्हाला पुन्हा वापरात आणा. माझे मागणे नेमके उलटे आहे. ते मी शेवटी सांगेनच. पण मला जरा घाई आहे. येत्या रविवारी माझ्या मालकिणीचा भाचा ओक्ताव येणार आहे आणि मागच्या वेळी तो गेला तेव्हा त्याच्या खिशात काय होते, ते मी पाहिले आहे.

माझा जन्म १९११ सालचा. लिएज शहरापासून थोडे खाली, म्यूज नदीच्या काठावर शेरात नावाचे गाव आहे, तिथला. जन्म म्हटला की एक आई आणि एक घर, असे तुम्हाला वाटेल. माझ्या वाट्याला नऊ घरे आली. त्या काळी आमच्याकडे पिस्तूल एका छपराखाली तयार होत नसे. एका घरात नळी, दुसऱ्या घरात चौकट, तिसऱ्या घरात स्प्रिंगा; टेकडीवरचा एक म्हातारा तर जन्मभर नुसते स्क्रूच करत बसला होता. पाठीवर वेताची टोपली बांधलेल्या बायका हे तुकडे या घरातून त्या घरात पोचवायच्या आणि कुणाची मुलगी जत्रेत कुणाबरोबर नाचली, तेही त्याच फेरीत पोचवायच्या. सरतेशेवटी सगळे येऊन पडे ते सेर्वे लोन्यूलच्या खिडकीखालच्या बाकावर.

सेर्वेचे काम जुळणीचे. नऊ हातांनी केलेले नऊ तुकडे एकमेकांना ओळखत नसतात. सेर्वे कानस घेऊन बसायचा आणि या तुकड्याचे केसभर काढ, त्याचे अर्धा केस काढ, असे करत त्यांची ओळख करून द्यायचा. मग ते एकमेकांत असे बसत की मध्ये सिगारेटचा कागद शिरत नसे. पण हा संसार त्यांचा त्यांच्यातच. दिसायला अगदी तसाच, पण दुसऱ्या पिस्तुलाचा तुकडा आणून घातला तर तो बसेलही कदाचित, पण नांदणार नाही. म्हणून सेर्वे प्रत्येक तुकड्याच्या आतल्या अंगाला ठशाने बारीक टिंबे उमटवायचा. माझी टिंबे तीन. त्याच आठवड्यात, त्याच गिऱ्हाइकासाठी माझा एक जुळाही जन्मला. त्याची टिंबे चार. गिऱ्हाईक शहरातला दारूचा व्यापारी होता. तो मागणी देऊन गेला आणि पुन्हा कधी फिरकला नाही, म्हणून आम्ही दोघे सेर्वेच्या खणातच वाढलो.

सेर्वेचा एक नियम होता. एका पिस्तुलाला एक तबक, आणि दोन पिस्तुले एका वेळी एका बाकावर उघडायची नाहीत. जग इकडचे तिकडे झाले तरी नाही. त्याची सहा वर्षांची मुलगी लेओकादी बाकाशी हनुवटी टेकवून उभी असायची. तिने एकदा विचारले, "पण बाबा, दोघं सारखीच तर आहेत!"

"हो का? तुझे आणि शेजारच्या मार्तचे लाकडी बूटही सारखेच आहेत," सेर्वे मान वर न करता म्हणाला. "घाल तिचे आणि चढ टेकडी. वर पोचलीस की मला हाक मार."

डोळ्यांना दिसत नाही ते सेर्वेच्या जिभेला कळायचे. कानस फिरवून झाली की तो तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा. कुठे खरखर राहिली आहे, ते त्याला तत्काळ समजे. टिंबेसुद्धा तो डोळे मिटून जिभेने मोजून दाखवायचा आणि लेओकादी टाळ्या पिटायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. नेमक्या वेळी सेर्वेने हीच टाळली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पोटात एक सुई असते. तीच काडतुसाच्या बुडावर आपटते आणि गोळी सुटते. ही सुई मागे ताणून धरणारा नखाएवढा एक तुकडा असतो. चाप ओढला की तो सुईला सोडतो, एरवी नाही. सेर्वे त्याला राखणदार म्हणायचा. बाकीचे तुकडे कामाचे, पण माणसाचा जीव या एकट्याच्या हातात. माझा राखणदार घडवायला त्याला पूर्ण दिवस लागला. घडवून झाल्यावर त्याने त्याला भट्टीत पाणी चढवले, म्हणजे वरचे कातडे कडक केले. ते कातडे कांद्याच्या सालीएवढेच पातळ असते, पण त्याच्या जिवावर राखणदार शंभर वर्षे झिजत नाही.

लेओकादी मोठी झाली आणि सुईण झाली. नदीकाठची पाच गावे तिच्या हातांवर भरवसा ठेवून होती. आडवे आलेले मूल ती आतल्या आत फिरवून सरळ करायची, आणि डॉक्टरसुद्धा अशा वेळी तिलाच बोलावून घ्यायचा. टेकडीवरच्या शेतांवर मोकाट सोडलेले कुत्रे फार, म्हणून सेर्वेने तिला मला दिले. माझा जुळा गेला शेजारच्या नेस्तोरकडे. नेस्तोर कोळशाची नाव चालवायचा आणि नावेवर त्याच्यापेक्षा उंदीर जास्त होते.

ती बारा वर्षे माझ्या मानाची होती. लेओकादीच्या पिशवीत कात्री, दोरा, स्पिरिटची बाटली आणि एका बाजूला मी. एकदा एका काळ्या कुत्र्याने तिचा घागरा धरला. तिने मला काढले, हवेत चाप ओढला आणि मी पहिल्या झटक्याला गरजलो. कुत्रा दोन शेते ओलांडून गेला. त्या दुपारी सेर्वेने माझे तोंड पुसता पुसता सगळ्या गल्लीला ऐकवले, "सतरा-अठरा वर्षं नुसतं पडून होतं, पण चुकलं का? नाही चुकलं!" मला फार बरे वाटले, हे मी लपवत नाही.

मग १९४०चा मे महिना आला. जर्मन फौजा पूल ओलांडून आल्या आणि चर्चच्या दारावर कागद लागला की घरातली सगळी हत्यारे जमा करा, नाहीतर गोळी घालू. नेस्तोर माझ्या जुळ्याला कोटात लपवून धावत आला. सेर्वेने दोघांना बाकावर ठेवले आणि दोघांना उघडले. एका वेळी, एकाच बाकावर.

"बाबा, एकत्र करू नका," लेओकादी म्हणाली. "तबकं आणते मी. तुमचाच नियम ना?"

"नियम सुखाच्या दिवसांचे असतात, पोरी. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी आहे. डबा आण."

डबा पाकाचा होता. सफरचंद आणि नाशपाती आटवून आमच्याकडे काळा पाक करतात, त्याचा. सेर्वेने आम्हा दोघांचे सगळे तुकडे त्यात ओतले, वरून डुकराची चरबी वितळवून ओतली आणि डबा कांद्याच्या पातीच्या वाफ्याखाली पुरला. काडतुसे मेण लावून वेगळी पुरली. मातीखाली मी चार वर्षे होतो. माझी नळी जुळ्याच्या चौकटीवर टेकलेली होती आणि त्याचा राखणदार माझ्या सुईला चिकटून बसला होता. वरून बुटांचे आवाज जायचे. चरबीमुळे गंज चढला नाही आणि टिंबेही पुसली नाहीत. पुसली असती तर सेर्वेला निदान एक सबब राहिली असती.

१९४४च्या सप्टेंबरात जर्मन गेले आणि डबा वर आला. तोवर सेर्वे एकाहत्तर वर्षांचा झाला होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नेस्तोर जुनिपरच्या दारूची बाटली घेऊन आला, मागोमाग सगळी गल्ली जमली. लेओकादीने तांदळाचा गोड टार्ट केला होता. सेर्वेने बाह्या सरसावल्या.

"थांबा, बाबा. दिवा आणि भिंग आणते. मी टिंबं वाचते, तुम्ही बसवा," लेओकादी म्हणाली.

"तू मुलं बाहेर काढ. आत काय जातं ते मला कळतं."

"म्हाताऱ्या, माझ्या पिस्तुलात हिची कात्री बसवशील हां," नेस्तोर पेला भरत म्हणाला. "उंदीर मारायला जायचो आणि नाळ कापून यायचो."

"तुझ्या आजोबांनी नाव बांधली तेव्हा ती उलटी तरंगत होती, नेस्तोर. कारागिराला शिकवू नकोस."

सगळे हसले. सेर्वेही हसला आणि तुकडे चाचपून दोन ढीग करू लागला. मी ओरडत होतो, पण पिस्तुलाला एकच शब्द येतो आणि त्या क्षणी माझ्या पोटात काडतूस नव्हते.

माझ्या चौकटीत त्याने जुळ्याचा राखणदार घातला. तो बसेना. कुठल्याही परक्या माणसाने तो काढून दुसरा घालून पाहिला असता. सेर्वे परका नव्हता. त्याचे सगळे आयुष्य न बसणारे तुकडे बसवण्यात गेले होते. तुकडा अडला तर चूक तुकड्याची नसते, थोडी कानस कमी पडलेली असते, हे त्याच्या बोटांत मुरलेले होते.

"फुगलाय जरा मातीत," तो पुटपुटला. "कानस दे."

लेओकादीने हातात कानस धरली, पण दिली नाही. "बाबा, निदान जिभेला तरी लावून बघा."

"चरबी लागलीय त्याला डुकराची. दे म्हणतो ना!"

तिने दिली. बापाच्या डोळ्यांवरचे पांढरे पडदे तिला दिसत होते. सगळ्या गल्लीसमोर त्याला आंधळा म्हणायला तिची जीभ रेटली नाही. मी तिला दोष देत नाही; तिने मात्र पुढे स्वतःला फार दिला.

चार वेळा कानस फिरली. राखणदार टक्‌ करून बसला. पण त्या चार फेऱ्यांत कांद्याच्या सालीएवढे कातडे निघून गेले होते आणि खालचे लोखंड मऊ होते. सेर्वेने रिकाम्या पोटी माझा चाप तीस वेळा ओढून पाहिला. तिसांपैकी तीसही वेळा मी चोख वागलो. मऊ लोखंडही पहिले काही दिवस चोखच वागते, मित्रांनो. पाहणाऱ्याचा विश्वास बसेल एवढे दिवस ते टिकते आणि मग रोज थोडे थोडे झिजते.

रस्ते तेव्हा वाईट होते. सैन्यातून पळालेली, उपाशी, रागावलेली माणसे फिरत होती. सेर्वेने मला भरून लेओकादीच्या पिशवीत घातले आणि बजावले, "रिकामं ठेवू नकोस." पिशवी सायकलला लटकायची. आमचे रस्ते दगडी गोट्यांचे. दर गोट्याला सुई पुढे रेटायची आणि राखणदार पाय रोवून उभा राहायचा, आणि दर वेळी त्याचा पाय थोडासा सरकायचा. मला सुरक्षेची कळ होती. पण ती अडवते चापाला. राखणदाराचाच पाय सुटला तर तिला कोण विचारतो? लेओकादी पिशवी बाळंतिणीच्या पलंगाजवळ ठेवायची. कधी पाळण्यात ठेवायची, पाळणा रिकामा असेल तेव्हा. मी श्वास रोखून पडून असायचो.

एक संधी आली होती. वर्षभराने नेस्तोर भुणभुण करत आला. "तुझ्या या खेळण्यात काही दम नाही, म्हाताऱ्या. चार वेळा ओढलं तर तीन वेळा नुसतं टुक्‌. उंदीर बसून बघतो माझ्याकडे. काल तर एक हसला."

"काडतुसं ओली झालीत तुझी."

"लेओकादीच्या काडतुसांबरोबरच पुरली होती की! तिची ओली नाहीत, माझीच बरी ओली?"

"तुझ्या खिशात सगळंच ओलं असतं. दारू सांडतोस. जा."

नेस्तोर हसत गेला. त्याच्या पिस्तुलात माझा राखणदार आणि माझी स्प्रिंग होती. तिथे ती उपरी होती, म्हणून सुईला जोर येत नव्हता. ते पिस्तूल नको तेव्हा गप्प बसत होते. मग इकडे मी नको तेव्हा काय करीन, एवढे सेर्वेने मनाशी म्हटले असते तर पुरे होते. त्याला ते सुचले नाही असे मला वाटत नाही. त्या दिवशी त्याने कॉफी थंड होऊ दिली आणि बराच वेळ हातांकडे बघत बसला. पण उठून त्याने मला उघडले नाही.

१९४६च्या मार्चमध्ये, सकाळी आठच्या सुमारास, लेओकादी वरच्या शेतावरून परत आली. मूल सुखरूप झाले होते. ती आनंदात होती. नेहमीप्रमाणे आतला टॉवेल काढायला हात घालतच तिने पिशवी सेर्वेच्या बाकावर टाकली.

बाकावर टेकताना जो धक्का बसला, तो फार लहान होता. रस्त्यात त्याहून मोठे दोनशे बसले असतील. पण राखणदाराचा पाय त्यालाच सुटला.

"चाप कुणी ओढला?" सेर्वे ओरडला. धुरात त्याला काहीच दिसत नव्हते. "कुणी ओढला चाप?"

"कुणीच नाही, बाबा," लेओकादी म्हणाली, अगदी सावकाश. मग ती खाली बसली.

तिच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे गेली. जीव वाचला, असे सगळे म्हणाले आणि ते खरेच आहे. पण आडव्या मुलाला सरळ करणारी बोटे तीच होती. त्यानंतर तिने एकही बाळंतपण केले नाही. पाच गावांनी दुसरी सुईण शोधली. पुढच्या हिवाळ्यात वरच्या शेतावर एक मूल आडवे आले आणि आईसकट गेले. त्या दिवशी लेओकादीने स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले होते. ते मूल मी मारले असे मला वाटते, आणि हे मी कधी कुणाला सांगू शकलो नाही.

ती इस्पितळात होती तेव्हा सेर्वेने नेस्तोरला बोलावले. "तुझंही घेऊन ये," एवढेच सांगितले. त्याने दोन तबके मांडली. मला उघडले, माझ्या पोटातला राखणदार काढला आणि जिभेच्या टोकाला लावला. एक. दोन. तीन. चार. मग नेस्तोरच्या पिस्तुलातला काढला आणि तोही लावला. तीन.

"तू सांगायला आला होतास," सेर्वे म्हणाला.

नेस्तोरने बाटली काढली, पण ती उघडली नाही.

मग सेर्वेने तो चार टिंबांचा तुकडा ऐरणीवर ठेवून ठेचला. माझा खरा राखणदार, तीन टिंबांचा, त्याने नेस्तोरच्या हातात दिला. "नदीच्या मध्यावर गेलास की टाक," म्हणाला. "आणि तुझं पिस्तूलही टाक त्याच्याबरोबर." मला मात्र त्याने टाकले नाही. इस्पितळातून आलेल्या लेकीला त्याने मला सिगारच्या खोक्यात घालून दाखवले, पोटातली रिकामी जागा वर करून. "हे घरात राहू दे," तो म्हणाला. "माझी कारागिरी कुणी वाखाणली तर काढून दाखव." त्यानंतर तो बाकावर बसला नाही. वर्ष पुरे व्हायच्या आत गेला.

मी त्या खोक्यात अजून आहे. लेओकादी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिचा भाचा ओक्ताव आला. ओक्ताव वाईट माणूस नाही. त्याला मोडके काही बघवत नाही, एवढेच. गल्लीतली निम्मी घड्याळे त्याने फुकट दुरुस्त केली आहेत. लेओकादी कॉफी करायला आत गेली आणि त्याने खिशातून टिश्यू पेपरची पुडी काढली. कुठल्याशा बाजारात, जुन्या लोखंडाच्या पेटीत सापडलेला राखणदार. कुणाचा, कुठला, देव जाणे. त्याने तो माझ्या पोटात ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

टक्‌.

"आत्या, बसला!" तो आनंदाने ओरडला. "सत्तर वर्षांचा तुकडा, कानससुद्धा लागली नाही! कसा मस्त बसलाय बघ."

लेओकादी दारात उभी होती. तिने डाव्या हातातली कॉफीची किटली खाली ठेवली. उजवा हात त्याच्यासमोर टेबलावर पसरला, तीन बोटांचा.

"तो बसला नसता तर मला भीती वाटली नसती," ती म्हणाली. "तोही असाच बसला होता. काढ."

ओक्तावने मान खाली घातली आणि राखणदार काढला. "बरं, आत्या," म्हणाला. मग ती कॉफी ओतायला वळली तेव्हा त्याने तो पुन्हा पुडीत गुंडाळला आणि जाकिटाच्या खिशात घातला.

मित्रांनो, लेओकादीला आता एकटीने राहणे झेपत नाही. रविवारी ओक्ताव तिला चर्चच्या जोगिणींच्या वृद्धाश्रमात पोचवणार आहे, आणि खोके त्याच्या घरी जाणार आहे. लेओकादीने डाव्या हाताने झाकणावर लिहून ठेवले आहे: "यातली जागा रिकामीच राहू द्या." अक्षर फार वेडेवाकडे आले आहे. ओक्तावच्या घरी काचेचे कपाट आहे, तो कौतुकाने सांगत होता. किल्ली कपाटावरच असते, आणि त्याची नात आता स्टुलावर चढली की तिचा हात तिथपर्यंत पोचतो, हेही कौतुकानेच सांगत होता.

म्हणून माझे मागणे ऐका. मला दुरुस्त करू नका. मी अपुरा आहे तोवर सगळे सुखरूप आहेत. वस्तू जपायची म्हणजे दर वेळी ती चालती करायची असे नसते. तिचे हरवलेले परत येणार नसेल, तर ती जागा मोकळी सोडणे हीच तिची काळजी. आणि तुमच्यापैकी कुणी ओक्तावला ओळखत असेल, तर रविवारच्या आत त्याला एवढे सांगा, की तो तुकडा एकदा जिभेच्या टोकाला लावून बघ. मी लावून घेतला आहे पोटाशी, मला माहीत आहे. त्याच्यावर एकही टिंब नाही.